प्रवासात आणि ट्रेकवर व्हिडिओ शूट करण्यासाठी कॅमेरा आणि लेन्स कशी निवडावी? फुल-फ्रेमच घ्यावा का?

तुम्ही आत्तापर्यंत फोनवर शूट करत होतात आणि आता कॅमेरा घ्यायचाय. प्रश्न असा की फुल-फ्रेम बॉडी (जिचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा मोठा असतो) घेऊन सोबतच्या किट लेन्सवर भागवावं, की लहान सेन्सरचा कॅमेरा घेऊन उरलेले पैसे लेन्सवर घालावेत. माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि त्यात मी आणखी एक वस्तू जोडेन, ती म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच. माझं बहुतेक शूटिंग उघड्यावर, चालता-फिरता होतं. मोठा सेन्सर खरा कामी येतो तो अंधारात, पण तिथे कॅमेऱ्याची खरी परीक्षा ऊन घेतं.

हे आकड्यांत सांगतो. सेकंदाला २५ फ्रेम्सने शूट करताना हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटावी म्हणून शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवतात. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर १/५० शटर ठेवलं तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) चित्राची धार जाते आणि सेन्सरवर बसलेली धूळ आकाशात ठिपक्यांसारखी उमटते. एफ/४ वर यायचं तर पाच स्टॉप प्रकाश कापायला हवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी ३२. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट चित्र रेकॉर्ड करणारं सेटिंग) वापरणार असाल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ ६४० किंवा ८०० च्या खाली जातच नाही. म्हणजे आणखी तीन स्टॉप आले, एकूण आठ. फोटो काढणारा अशा वेळी शटर १/२००० करून मोकळा होतो. व्हिडिओत तसं केलं की वाहतं पाणी, हलणारी पानं, चालणारी माणसं सगळं तुटक-तुटक दिसायला लागतं.

म्हणून चांगला व्हेरिएबल एनडी घ्या. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात आणि काच हवी तेवढी गडद होते. ढग आला-गेला की बोटाने रिंग फिरवायची, बाकी सेटिंगला हात लावायचा नाही. पण त्याची मर्यादाही माहीत हवी. वाइड लेन्सवर तो टोकापर्यंत फिरवला तर फ्रेममध्ये काळी फुली उमटते, आणि निळं आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं येतं. वाइडसाठी साधा, ठरावीक ताकदीचा एनडी बरा. फिल्टर तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या आणि लहान लेन्सवर स्टेप-अप रिंगने (माप जुळवणाऱ्या कड्याने) बसवा. ज्या अल्ट्रावाइड लेन्सची पुढची काच फुगीर असते आणि फिल्टरला आटेच नसतात, ती व्हिडिओसाठी घेऊ नका.

आता लेन्स. धुळीत, वाऱ्यात लेन्स बदलणं नको वाटतं, त्यामुळे दिवसभर कॅमेऱ्यावर राहील अशी एकच झूम आधी ठरवा आणि मग तिला साजेशी बॉडी शोधा. एपीएस-सी मध्ये, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, टॅमरॉनची १७-७० एमएम एफ/२.८ मला फार आवडते (एमएमचा आकडा लहान तितकी फ्रेम रुंद), कारण तिच्यातच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची सोय, आहे. सिग्माची १८-५० एफ/२.८ जेमतेम ३०० ग्रॅमच्या आत बसते, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून ते बॉडीत असायला हवं. त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्समध्ये ऑलिम्पसची (आता ब्रँडचं नाव ओएम सिस्टम) १२-१०० एफ/४ आहे. फुल-फ्रेमच्या हिशेबात ती २४-२०० होते, पावसाच्या सरीला पुरून उरते, आणि ऑलिम्पसच्याच ही सोय असलेल्या बॉडीवर लावली तर लेन्स आणि बॉडी दोघांचं स्टॅबिलायझेशन एकत्र काम करतं. चढावर पाठीवर काय आहे हे तासाभरानंतर कळतं, तेव्हा ही जोडी निवडल्याचं समाधान वाटतं.

हात लांब करून स्वतःकडे कॅमेरा धरून बोलणार असाल तर एक गोष्ट तपासा. एपीएस-सी वर १८ एमएम म्हणजे फुल-फ्रेमच्या हिशेबात साधारण २७, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू केलं की फ्रेम आणखी कापली जाते. शेवटी फ्रेमभर तुमचा चेहरा उरतो, मागचा डोंगर दिसतच नाही. सोनीची १०-२० एफ/४ अशा कामाला अगदी योग्य आहे, वजन १७८ ग्रॅम.

बॉडीत मी आधी व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) बघतो. उन्हात मागचा स्क्रीन नीट दिसत नाही आणि एक्स्पोजर अंदाजाने धरावं लागतं. त्यानंतर १०-बिट रेकॉर्डिंग. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशाचे रंग नंतर जरा ताणले की ८-बिटमध्ये पट्टे दिसू लागतात. तिसरी गोष्ट उष्णता. लहान बॉडी उन्हात ४के सलग रेकॉर्ड करताना तापून बंद पडू शकते, त्यामुळे विकत घेण्याआधी तुमच्या नेमक्या सेटिंगवर ती किती वेळ चालते ते पाहून घ्या. ४के ६० फ्रेम्सवर सेन्सर किती क्रॉप होतो, म्हणजे त्याचा किती भाग वापरला जात नाही, तेही बघा.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनकडून चालतानाचे झटके जातील ही अपेक्षा ठेवू नका, उभं राहून घेतलेल्या शॉटसाठी ते उत्तम आहे. वाइड लेन्सवर तर चालताना फ्रेमचे कोपरे डुगडुगतात. चालतच बरंच शूट करणार असाल तर डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ सारखा गिम्बलवरचा (मोटरने स्थिर राहणाऱ्या दांड्यावरचा) छोटा कॅमेरा सोबत ठेवा.

माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच, वाऱ्याची घरघर एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही. १०० एमबीपीएसने रेकॉर्ड करायला व्ही३० वेगाचं मेमरी कार्ड पुरतं, तासाला ४५ जीबी धरा. जादा बॅटऱ्या विमानात केबिनच्या बॅगेतच न्याव्या लागतात.

तंबूबाहेरच्या रात्री, तारे, शेकोटीच्या उजेडातले चेहरे हाच तुमच्या व्हिडिओंचा गाभा असेल, तर मात्र फुल-फ्रेम घ्या. पॅनासोनिक एस५ टू मध्ये थंड ठेवणारा पंखा आहे, आणि फेज डिटेक्ट ऑटोफोकस (फोकस चटकन पकडणारी पद्धत) असलेला तो पॅनासोनिकच्या ल्युमिक्स मालिकेतला पहिला कॅमेरा आहे. सोनीकडे गेलात तर २०-७० एफ/४ लेन्स बघा. फक्त २४ ऐवजी २० पासून सुरू होणारी झूमच घ्या, आणि रात्रीसाठी एफ/१.८ ची एक छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स) बाजूला ठेवा.