बबल टिप ॲनिमोन (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) घरी कापून त्याचे दोन करता येतात का?

येतात, पण बबल टिपचेच. कार्पेट ॲनिमोनच्या वाटेला जाऊ नका. आणि नवा आणलेला लगेच कापू नका, आधी काही महिने टँकमध्ये नीट रुळू द्या.

मी दादरच्या घरी कापला तेव्हा हात थरथरत होते. नवं ब्लेड, टँकचंच पाणी भरलेला डबा, आणि बरोबर तोंडावरून एकाच झटक्यात आरपार काप. दोन्ही तुकड्यांना तोंडाचा आणि पायाचा भाग मिळायलाच हवा. बोथट ब्लेडने करवतलंत तर चिंध्या होतात.

नंतर चिकट स्राव सुटतो, म्हणून थोडं पाणी बदला, फिल्टरमध्ये पाणी स्वच्छ करणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. पंपाला जाळी लावाच. सुटा तुकडा आत गेला तर अख्खा टँक नासतो. कडा आत वळून आठवडा-दोन आठवड्यांत तोंड जुळतं, तोवर खाणं बंद. मुंबईच्या मे महिन्यातल्या उकाड्यात पाणी थंड ठेवणारा चिलर नसेल तर थांबा.