समुद्राच्या बाजूला कोण बसणार?

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांचा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. मुलगा म्युनिकला असतो. येत्या सप्टेंबरात एकवीस दिवस तिकडे जातोय. त्यातले अकरा दिवस आम्ही दोघांनी क्रोएशियाचा समुद्रकिनारा गाडीने करायचा ठरवलं आहे. आराखडा असा : म्युनिकहून मुलाची गाडी घ्यायची, मग झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट, ह्वार बेट, माकार्स्का, दुब्रोव्हनिक, जमलं तर पुढे मॉन्टेनेग्रोतलं कोटोर आणि परत. एकूण आठ मुक्काम होतात. पस्तीस वर्षं गाडी चालवतोय. कुंभार्ली आणि आंबा घाट मी रात्रीसुद्धा उतरलो आहे. उजवीकडून गाडी चालवणं जमेल का? व्हिसा जर्मनीचा काढावा की क्रोएशियाचा? सौ.चे गुडघे थोडे दुखतात आणि घाटात ती जरा घाबरते, पण ती येईल.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात आठ मुक्कामांची नावं आहेत, दोन घाटांची आहेत. वहिनींना यातलं काय बघायचंय हे मात्र कुठेच नाही. ‘पण ती येईल’ एवढंच. येतील हो त्या, बायका येतातच. पण त्या गाडीत कुठल्या बाजूला बसणार, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. सगळी सहल त्यावर ठरते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आम्ही दोघं २०२३ च्या सप्टेंबरात हा रस्ता केला. साताऱ्यातल्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा माझ्याकडे आणि गाडीही माझ्याकडेच. मी एक्केचाळिसाव्या वर्षी कासच्या रस्त्यावर गाडी शिकले. आमचे हे शेजारी बसतात आणि मला शिकवतात.

किनाऱ्याच्या या रस्त्याला तिकडे ‘यादरान्स्का मागिस्त्राला’ म्हणतात. रिएकापासून दुब्रोव्हनिकच्या पलीकडे मॉन्टेनेग्रोच्या सीमेपर्यंत सहाशे किलोमीटरहून थोडा जास्त. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. स्प्लिटहून दुब्रोव्हनिककडे खाली उतरताना समुद्र उजव्या हाताला. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपली लेन समुद्राकडची. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारचा माणूस उजवीकडे. थोडक्यात, चालवणाऱ्याला रस्ता दिसतो आणि शेजारच्याला थेट पाणी. मध्ये लोखंडी कठडा, तोही काही ठिकाणी बुटकाच.

मी भूगोलाची बाई, हे मला घरी बसून कळायला हवं होतं. ओमिश सोडल्यावर कळलं. तिथे चेतिना नदी डोंगर फोडून समुद्राला मिळते. पुढे बियोकोवोचा करडा दगडी डोंगर एका बाजूला आणि अशक्य निळं पाणी दुसऱ्या बाजूला, मध्ये चिकटवल्यासारखा रस्ता. कुंभार्ली घाटात हे झोपतात. इथे ओमिशपासून ब्रेलापर्यंत एका हाताने वरची कडी धरून होते आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होते. मी म्हटलं, “बघा तरी, काय सुंदर आहे.” तर म्हणे, “तू नको बघूस.”

तर तुम्ही उलटे या. दुब्रोव्हनिकला विमानाने उतरा आणि वर स्प्लिटकडे जा. वहिनी डोंगराच्या बाजूला बसतील, समुद्र त्यांना तुमच्या पलीकडून, जरा लांबून दिसेल. फोटो काढायला उतरताना समोरची लेन ओलांडावी लागते, ही एक गैरसोय आहे. ती चालेल. पण आधी त्यांना विचारा. कदाचित त्यांना ती पाण्याकडची खिडकीच हवी असेल आणि घाटात भीती वाटते ती तुमच्या वेगाची असेल. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

म्युनिकहून गाडी न्यायचा विचार सोडा. ऑस्ट्रियाचा रस्ता-पास, त्यावर ताउएर्न आणि कारावांकेन बोगद्यांचा वेगळा टोल, मग स्लोव्हेनियाचा पास, मग क्रोएशियाच्या मोटरवेवर शिरताना तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे. त्यात मुलाच्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव घालायला हवं. एवढं करून जाण्यायेण्यात तीन-चार दिवस संपणार. त्यापेक्षा विमानाने जा आणि गाडी तिथेच भाड्याने घ्या. तीही पहिल्या दिवशी नको. दुब्रोव्हनिक आणि स्प्लिट या दोन्ही गावांचा जुना भाग पायी फिरायचा आहे, गाडी नुसती पार्किंगचे पैसे खाते. आम्ही नऊ रात्री राहिलो आणि गाडी चारच दिवस ठेवली. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली तर जादा आकार लागतो, तो सोसवतो.

भाड्याच्या काउंटरवर आमची फजिती झाली ती सांगते. परवाना माझा आणि क्रेडिट कार्ड यांचं. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड घेईनात. दीड तास वाद घालून शेवटी कागदावर हे मुख्य चालक झाले आणि मी रोजचे जादा पैसे भरून ‘दुसरी चालक’. नशीब, साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढून नेला होता. तो वर्षभर चालतो, मूळ परवाना सोबत लागतोच. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बरीच आधी सांगून ठेवा. तिकडे हाताने गिअर टाकायच्या गाड्या जास्त आणि गिअर उजव्या हाताला येतो.

उजवीकडून चालवणं जमतं. पहिला दिवस वळण्याआधी इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो, कारण दांड्यांची जागा उलटी. लखलखीत उन्हात मी काच पुसत स्प्लिटमधून बाहेर पडले. चौकातल्या गोल बेटाला उलट्या दिशेने वळसा घालायचा आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. खरी चूक सकाळी होते. मोकळ्या रस्त्यावर, पार्किंगमधून बाहेर पडताना, समोर एकही गाडी नसते तेव्हा हात आपोआप डावीकडे वळतो. तेवढ्या वेळेला शेजारच्याने “उजवीकडे” असं मोठ्याने म्हणायचं, हे काम यांच्याकडे होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं. गावाबाहेर वेगमर्यादा ९०, गावात ५०. तिथली माणसं मागे चिकटतात. चिकटू द्या, बाजूला जागा मिळाली की थांबून त्यांना सोडा. पस्तीस वर्षांचा अनुभव दाखवायची ती जागा नाही.

आता व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो, त्यामुळे एकच व्हिसा दोन्हीकडे पुरतो. क्रोएशियात अकरा आणि मुलाकडे दहा रात्री असतील तर अर्ज क्रोएशियाकडे जाईल. क्रोएशिया नऊवर आणलंत तर जर्मनीकडे, आणि मुलाचं निमंत्रणपत्र तिथे कामाला येईल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान ३०,००० युरोचा प्रवास-विमा लागतो. कोटोर मात्र शेंगेनच्या बाहेर आहे. तिकडे गेलात तर परत यायला अनेक-प्रवेशाचा व्हिसा हवा, गाडी सीमेपार न्यायची परवानगी वेगळी हवी आणि सीमेवरच्या रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो. माझं ऐकाल तर कोटोर काढा.

ह्वारही काढा. झादरही. तिथल्या पाण्याकाठच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्या आहेत आणि लाटा आत शिरून सूर काढतात. २००५ मध्ये बांधलेलं हे समुद्राचं ऑर्गन मला फार ऐकायचं होतं, पण आम्ही तिथवर गेलो नाही आणि घरी आल्यावर त्याची आठवण फक्त मला झाली. नऊ रात्री, तीन बिछाने : दुब्रोव्हनिकला तीन, माकार्स्काच्या आसपास एखाद्या लहान गावात तीन, स्प्लिटला तीन. दुब्रोव्हनिक ते स्प्लिट अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तुम्ही चार तासांत कराल, माहीत आहे. आम्हाला चार दिवस लागले.

वाटेत दोन ठिकाणी मात्र थांबा. एक स्तोन. दुब्रोव्हनिक सोडल्यावर तासाभरात येतं. तिथे मिठागरं आहेत, आजही मीठ काढतात. त्या मिठासाठी दुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकाने चौदाव्या शतकात डोंगरावरून तटबंदी घातली, त्यातली साडेपाच किलोमीटर उभी आहे. खालून बघितली तर अजिंक्यताऱ्याची आठवण येते, फक्त तट भलताच लांब. वहिनींना चढवू नका. खाली चौकात बाक आहेत, कॉफी आहे. तुम्ही एकटे चढून या, तेवढाच दोघांना निवांतपणा. स्तोननंतर पेल्येशात्सचा पूल लागतो, २,४०४ मीटरचा, २०२२ च्या जुलैत सुरू झालेला. बोस्निया देशाला जेमतेम वीसेक किलोमीटरचा किनारा आहे आणि तो नेमका क्रोएशियाच्या मधोमध येतो. पूल नव्हता तेव्हा क्रोएशियातून क्रोएशियातच पुढे जायला दोनदा पासपोर्ट दाखवावा लागे. पुलावर टोल नाही.

दुसरं ठिकाण नेरेत्वा नदीचं खोरं. दगड बघून डोळे थकलेले असतात आणि एकदम सपाट हिरवी जमीन, पाण्याचे पाट, फळबागा. संत्र्याच्या जातीची लहान फळं तिथे पिकतात आणि शरदात रस्त्याकडेला विकायला ठेवतात. कृष्णाकाठच्या माणसाने तिथे उतरून माती हातात घेतली नाही तर मला आश्चर्य वाटेल.

स्प्लिटमध्ये तुमच्यासारख्या निवृत्ताला भेटायला एक माणूस आहे. रोमचा सम्राट डायोक्लेशियन. इसवी सन ३०५ मध्ये त्याने आपण होऊन गादी सोडली आणि इथे समुद्राकाठी बांधलेल्या वाड्यात राहायला आला. परत येऊन राज्य सांभाळ म्हणून लोक मागे लागले, तेव्हा त्याने आपण लावलेले कोबी दाखवायची भाषा केली, अशी कथा सांगतात. त्या वाड्यात आजही माणसं राहतात. भिंतींमध्ये दुकानं आहेत, खिडक्यांत कपडे वाळत असतात. तिकीट न काढता आत शिरता येतं.

गुडघ्यांचं : दुब्रोव्हनिकच्या जुन्या गावाच्या कडेच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या. खोली घेताना ‘किती पायऱ्या’ हे लिहून विचारा. ‘थोड्या आहेत’ असं उत्तर आलं तर ती खोली घेऊ नका, आम्ही त्या थोड्या मोजल्या होत्या, चौऱ्याण्णव. लापाद भागात राहा आणि बसने या. तटबंदीवरून पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, चढउतारासह. त्याऐवजी स्र्द्य डोंगरावर रोपवेने जा. १९६९ चा पहिला रोपवे क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात उद्ध्वस्त झाला, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला. वरून सगळं गाव हातात धरल्यासारखं दिसतं. किनारे वाळूचे नाहीत, गोट्यांचे आहेत, आणि पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात. रबरी बूट घ्या, चपलांनी भागत नाही.

आमच्या घरमालकीणबाई मी कशाचीही घाई केली की “पोमालो” म्हणायच्या. त्या किनाऱ्यावर हा शब्द सारखा कानावर पडतो. साताऱ्यात आपण “जरा दमानं” म्हणतो, नेमकं तेच. हे घरी आल्यापासून मला दिवसातून चारदा पोमालो म्हणतात. त्याबद्दल मात्र क्रोएशियाला माफी नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. अंडंही नाही. तिकडे उपासमार होईल का? घरून काय न्यावं? – कराड

उत्तर : हॉटेलात माशांचाच बोलबाला असतो, पण ‘ब्लित्वा’ मागा. चाकवताच्या जवळची पालेभाजी, उकडलेला बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. आम्ही ती रोज खाल्ली आणि आठव्या दिवशी यांनी मिरची शोधली. ओमिशकडे ‘सोपार्निक’ मिळतो, दोन पातळ पोळ्यांत तीच भाजी भरून भाजलेला, मोठ्या परातीएवढा. मंडईत टोमॅटो, ढोबळी मिरची, अंजीर उत्तम. बेकरीत मात्र प्रत्येक वेळी विचारा. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, भाताला मेतकूट पुरतं.

घरून भडंग, बेदाणे, लसणाची चटणी न्या. पेढे नेऊ नका. बाहेरच्या देशातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. मी अर्धा किलो कंदी पेढे विमानतळावरच्या डब्यात माझ्या हाताने टाकले आहेत. त्यातले दोन आम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्ले.

प्रश्न : आम्हा दोघांनाही गाडी येत नाही. मग हा रस्ता सोडून द्यायचा? – सातारा, शाहूपुरी

उत्तर : अजिबात नाही. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बस धावतात, माकार्स्कालाही थांबतात. उन्हाळ्यात बोटीही असतात. बसची जागा मात्र आधी ठरवून घ्या. दुब्रोव्हनिककडे जाताना उजवीकडची खिडकी मागा. यजमान कडी धरून बसणाऱ्यांपैकी असतील तर डावीकडची.