अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) कंपनीने नेमकं काय करावं?

देणगीआधी स्वतःचा खरेदी करार बघा. माल उचलून पैसे 90 दिवसांनी दिले, की शेतकरी मधल्या काळात सावकाराच्या दारात. मग गावातल्या शाळेला रंग देऊन काय उपयोग? फेअरट्रेड (शेतकऱ्याला रास्त व्यवहार मिळावा म्हणून दिलं जाणारं प्रमाणपत्र) कॉफीत शेतकरी संस्थेने मागितल्यास कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळू शकते. निदान तो नमुना उचला. किमान भावही आहे: 2023 पासून वॉश्ड अरेबिकाला (धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला) पौंडामागे 1.80 डॉलर. मेख अशी, की संस्थेचा सगळा माल त्या भावाने खपत नाही, उरलेला बाजारभावाने जातो. म्हणून किती टन आणि किती वर्षं घेणार, हे करारातच लिहा.

ठिबक संच वाटणार असाल तर फिल्टर आणि सुटे भागही द्या. नाहीतर गाळाने ड्रिपर चोंदतात, नळ्या बांधावर पडून राहतात.