लोअर परळमध्ये दुपारचं जेवण बांधून घेताना

फिनिक्स मॉलच्या परिसरात नोकरी करणाऱ्या आणि खरेदीला येणाऱ्या वाचकांनी दुपारच्या जेवणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. ठिकाणं लोअर परळची असली, तरी पार्सलचे बारकावे ठाण्या-पुण्यातल्या मॉलजवळही तेवढेच उपयोगी पडतील.

मी फिनिक्स पॅलेडियममधल्या कपड्यांच्या दुकानात काम करते. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. फूडकोर्ट रोज परवडत नाही आणि बाहेर गेलं की रांगेतच वीस मिनिटं जातात. घरगुती चवीचं पार्सल कसं मिळवायचं?

मॉलच्या दारासमोरची रांग सोडा. तिथला गाळा मॉलच्या गर्दीसाठी घेतलेला असतो, त्याचं भाडं तुमच्या ताटातून वसूल होतं आणि गिऱ्हाईक रोज नवं असल्यामुळे चव सांभाळण्याची फारशी निकड नसते. जिथे तेच लोक रोज जेवतात, तिथलं जेवण घ्या. लोअर परळमध्ये अशा जागा दोन बाजूंना आहेत. एक, सेनापती बापट मार्गाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये. दुसरी, रुळांपलीकडे ना. म. जोशी मार्गावर, चाळींच्या तळमजल्यांवरची पोळीभाजी केंद्रं आणि खानावळी. दोन्ही बाजू जोडणारा रुळांवरचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण खुला झाला. मधल्या वर्षांत पलीकडे जाण्याची अनेकांची सवयच मोडली. ती पुन्हा लावून घेण्यासारखी आहे.

या भागात घरगुती खानावळ रुजली ती गिरण्यांमुळे. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना महिन्याच्या हिशोबावर जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्या गेल्या, तरी रोजच्या माणसाला पोटभर आणि सोसेल असं वाढायची रीत या गल्ल्यांत टिकून आहे. वाहनतळावरचे कामगार, सुरक्षारक्षक आणि दुकानातली जुनी मंडळी कुठून डबा आणतात, ते विचारा. यापेक्षा खात्रीची शिफारस नाही.

आता वेळेचं. खानावळीत भाजी-आमटी साधारण साडेअकरापर्यंत उतरते आणि पोळ्या त्यानंतर लाटायला घेतात. सव्वाबारा ते पाऊण ही पार्सलची सर्वांत चांगली वेळ. एक ते पावणेदोन ऑफिसं सुटतात, तेव्हा घाईत वाटीत भाजी कमी पडते आणि पोळ्या अर्धकच्च्या उतरतात. सव्वादोननंतर भाजी तळाची, भात गार झालेला आणि आमटी पाणी घालून वाढवलेली. तुमची सुट्टी दीडला असेल, तर अकराच्या आत फोन करून वेळ सांगा आणि एवढंच म्हणा, "भात-भाजी आधी भरा, पोळ्या मी आल्यावर ठेवा." त्या दोन मिनिटांत जेवणाचा दर्जा बदलतो.

दुकानातल्या चौघींनी मिळून पाळी लावा, रोज एकीने चौघींचं आणायचं. चार डबे रोजचे म्हटल्यावर खानावळवाली मावशी ते बाजूला काढून ठेवते आणि महिन्याचा हिशोब केला तर दरही कमी लावते. मात्र सुरुवातीला आठवड्याचेच पैसे द्या. सोमवारी मटकी, मंगळवारी बटाटा, बुधवारी पुन्हा मटकी असा प्रकार असेल, तर आठवड्याभरात कळतो. नेहमीच्या राईस प्लेटमध्ये तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी किंवा उसळ, आमटी आणि भात असतो. दिवसभर उभं राहायचं काम असेल, तर अर्धा भात कमी करून त्याऐवजी उसळ वाढवून मागा. बहुतेक ठिकाणी जादा पैसे न घेता देतात आणि चारच्या सुमाराला येणारी झोपही कमी होते.

मालवणी मासळीचं ताट ऑफिसात नेऊन खायचं आहे. तळलेला मासा दर वेळी लिबलिबीत होतो. काय चुकतं?

चूक झाकणाची आहे. तव्यावरून उतरलेला तुकडा लगेच बंद डब्यात गेला, की त्याची वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन परत रव्यावर पडते आणि कुरकुरीत आवरण दहा मिनिटांत सुटतं. म्हणून तळलेला मासा कागदी खोक्यात किंवा झाकण थोडं उघडं ठेवलेल्या डब्यात घ्या, खाली कोरा टिशू पेपर घाला आणि भाताच्या डब्यावर रचू नका. भाताची वाफही त्यालाच लागते. काउंटरवर दोन मिनिटं थांबून वाफ जाऊ देणं, हा सगळ्यात सोपा उपाय.

मासाही पार्सलला साजेसा निवडा. बोंबलात पाणी भरपूर, तो तव्यावरून थेट ताटात आला तरच खरा. पार्सलला सुरमईचा तुकडा उत्तम, कारण मांस घट्ट असतं आणि गार झाला तरी खाववतो. बांगडा स्वस्त आणि चवीला दमदार, पण एसीच्या बंद खोलीत त्याचा वास संध्याकाळपर्यंत राहतो. तिथे मांदेलीची गतही तीच. शेजारच्यांचा विचार करून जेवणाच्या खोलीतच डबा उघडा.

वारही पाहा. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी आपल्याकडे बरेच लोक मांसाहार करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मासळी कमी खपते आणि कालचा तुकडा आज तव्यावर येण्याची शक्यता वाढते. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी माल झपाट्याने संपतो. मंगळवारी संकष्टी आली, तर तोही दिवस मंदा. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात सुरमई-पापलेट बहुतेक बर्फातले किंवा बाहेरून आलेले. तेव्हा सुकटीची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण किंवा अंड्याचा रस्सा मागवा. पावसाळ्यासाठीच हे पदार्थ आपल्याकडे केले जातात आणि पार्सलमध्येही ते बिघडत नाहीत. कमला मिलच्या बाजूला सेनापती बापट मार्गावर जयहिंद लंच होम हे मासळीच्या जेवणाचं जुनं ठिकाण आहे. तिथे किंवा कुठेही ताट मागवताना आधी "आज ताजं काय?" हे विचारा, ताट नंतर ठरवा.

सोलकढी वेगळ्या बाटलीत घ्या आणि तासाभरात प्या. नारळाचं दूध उकाड्यात लवकर फाटतं. तांदळाची भाकरी अर्ध्या तासात वातड होते, त्यामुळे लांब न्यायचं असेल तर वडे किंवा पोळी घ्या.

पार्सलला कोणते पदार्थ टिकतात आणि कोणते मागवूच नयेत?

पातळ आणि कोरडं एकत्र बांधलं, की दोन्ही बिघडतं, हे सूत्र धरा. मिसळ पार्सल आणताना उसळ-रस्सा एकत्र चालेल, पण तर्री, फरसाण, कांदा आणि पाव वेगळे हवेत. फरसाण आधीच घातलेली मिसळ ऑफिसात पोचेपर्यंत खिचडी होते. इडली चांगली टिकते, मेदूवडा मध्यम, मसाला डोसा अजिबात नाही. डोसा आवडतच असेल, तर भाजी वेगळी मागा आणि डोसा अर्धवट दुमडून कागदात घ्या. अळूवडी आणि कोथिंबीरवडी गार झाल्या तरी छान लागतात आणि पोळीबरोबर पोट भरतं. या वड्या मिळणारं पोळीभाजी केंद्र सापडलं, तर तिथली ओळख टिकवा. वरणभात एकत्र कालवून देणाऱ्यांना थांबवा, कारण भात सगळं पाणी पिऊन घट्ट गोळा होतो.

पातळ पदार्थ गरम असताना पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून देतात, ते टाळा. स्टीलचा घरचा डबा न्या, अगदी रांगेतही भरून देतात. हॉटेलच्या डब्यातच गरम करायचं असेल, तर तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा पाहा. तो मायक्रोवेव्हला चालतो. ६ आकड्याचा डबा आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलचा डबा आत ठेवू नका.

अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं, की त्यात जंतू वेगाने वाढतात. शिजवलेलं जेवण दोन तासांत खा, आणि बाहेर पारा ३२ च्या वर असेल तर एका तासात. मुंबईत ते दिवस थोडे नाहीत. यात भाताकडे जास्त लक्ष द्या. त्यातल्या जंतूंचं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. त्यामुळे तीन वाजता उरलेला भात संध्याकाळी फोडणीला टाकू नका.

आमच्या विभागात शनिवारी पंधरा जणांचं जेवण मागवायचं आहे. किती सांगायचं?

एका माणसामागे तीन पोळ्या, म्हणजे पंचेचाळीस, आणि सुरक्षेसाठी पन्नास. मसालेभात एक किलो तांदळाचा पुरतो, शिजून तो साधारण तीन किलो होतो. उसळ अडीच लिटर, सुकी भाजी दीड किलो, कोशिंबीर एक किलो. गोड हवं असेल तर माणशी दोन छोट्या पुरणपोळ्या किंवा शंभर मिलिलिटर खीर. जिलेबी किंवा श्रीखंड असेल, तर भात पाव किलोने कमी करा.

ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत द्या, कारण मसालेभाताचा ताजा मसाला आणि उसळीची कडधान्यं रात्रीच तयार करावी लागतात. सकाळी सांगितलेली उसळ कुकरमध्ये फुटते. पंधरा वेगळे डबे बांधण्यापेक्षा मोठ्या भांड्यांत मागवा. तेवढीच पॅकिंगची रक्कम वाचते, कचरा कमी होतो आणि जेवण गरम राहतं. जेवायला दीडला बसायचं असेल, तर पोचायची वेळ सव्वाची सांगा. रस्त्यावरची कोंडी शनिवारी खरेदीमुळे बाराच्या आधीच सुरू होते. आणि पैसे देण्याआधी खानावळ शनिवारी चालू आहे ना, हे विचारून घ्या. ऑफिसच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या बऱ्याच खानावळी शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी बंद असतात.

छोट्या ठिकाणचं जेवण स्वच्छ आहे की नाही, बाहेरून कसं ओळखायचं?

दुकानात १४ आकडी अन्न परवाना किंवा नोंदणीचा क्रमांक लावलेला हवा, बिलावरही तो २०२२ पासून असायलाच हवा. पण कागदापेक्षा जास्त सांगतात त्या तीन जागा. भांडी कुठे आणि कोणत्या पाण्याने धुतात. पैसे घेणारा हातच पोळी उचलतो का. आणि तळण्याचं तेल. काळपट, फेसाळ आणि उग्र वासाचं तेल दिसलं, तर तळलेलं काहीच घेऊ नका. भजी किंवा वडा छापील वर्तमानपत्रात बांधत असतील, तर कोरा कागद मागा. शाई अन्नात उतरते आणि २०१८ च्या नियमांनुसार असं बांधायला मनाईच आहे.

पोट बिघडलं, तर उरलेला नमुना झाकून फ्रीजमध्ये ठेवा, बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा. नमुना नसेल तर तक्रार कच्ची राहते.

पार्सलच्या बिलावर पॅकिंग आणि सेवा शुल्क असं दोन्ही लावतात. द्यायचं का?

पॅकिंगची रक्कम आधी सांगितली असेल, तर ती द्यावी लागते. म्हणून ऑर्डर देतानाच विचारा आणि डबा घरचा असेल तर ती वगळायला सांगा. सेवा शुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते कायम ठेवले. बिल बदलून मागा, नाही म्हटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, पार्सललाही तोच. छोट्या खानावळीच्या बिलावर जीएसटी दिसला, तर नोंदणी क्रमांकही छापलेला पाहा. क्रमांक नसताना जीएसटी लावता येत नाही.

उपवासाच्या दिवशी काय घ्यावं?

साबुदाण्याची खिचडी पार्सलला घेऊ नका, गार होताच तिचा गोळा होतो. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी दोन डब्यांत घ्या, सोबत काकडीची कोशिंबीर. संकष्टीला खानावळीत हे अकराच्या आधी सांगावं लागतं, कारण ते मोजकंच करतात आणि एकपर्यंत संपतं.