‘देवाले राग येईन न जी?’

देवावर चिडून बोललं तर ते पाप ठरतं का, हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांकडून समुपदेशनात वारंवार येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या बाईंनी तो असा विचारला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत):

“सभेत माह्या तोंडून अशी प्रार्थना निंगते का बाया रडतात. घरी आली का एक शबूद निंगत नाही. निंगला तं तो खोटा असते. मनातलं बोलली तं देवाले राग येईन न जी?”

चार एकर कापूस. दिवाळीनंतर गुलाबी बोंडअळी शिरली आणि दुसऱ्या वेच्यालाच उलंगवाडी झाली, म्हणजे हंगामच संपला. बचत गटाचे हप्ते थकले, नवरा गप्प. अशा वेळी प्रार्थनेकडे वळण्याआधी एक प्रश्न सरळ विचारायचा असतो: “ताई, जीव द्यावासा वाटतो का?” आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं. त्या नाही म्हणाल्या. तरी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर त्यांच्या वहीत लिहून घेतला. प्रार्थना हा त्याला पर्याय नव्हे.

मग आदल्या रात्रीची प्रार्थना जशीच्या तशी म्हणायला सांगितली. सुरुवातीला देवाच्या पाच-सहा पदव्या, तिसऱ्या वाक्यात उपकारस्तुती, मग आजारी लोक, पाळकसाहेब, देशाचे अधिकारी. कापूस, अळी, हप्ता यातला एकही शब्द नाही. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, फक्त त्या स्वतः कुठेच नव्हत्या. वर्षानुवर्षं चारचौघांत प्रार्थना करणाऱ्यांचं हे होतं. ऐकणाऱ्या बायांसाठी घडलेली भाषा एकांतातही सुटत नाही.

देवाच्या रागाबद्दल बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाचा ११ वा अध्याय उघडला. त्यात तक्रारी दोन आहेत. लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडतात, देवाविषयी एकमेकांत कुरकुरतात, आणि देवाचा कोप भडकतो. त्या लोकांचा पुढारी मोशे मात्र देवाच्याच तोंडावर बोलतो: हे ओझं माझ्याच डोक्यावर का, मी काय यांना जन्म दिला? त्यापेक्षा मला मारून टाक. त्याला शिक्षा होत नाही. ओझं वाटून घ्यायला ७० वडील मिळतात. ताई बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसल्या. “म्हणजे माघारी बोलायचं नाही, तोंडावर बोलायचं.” एवढं समजलं की निम्मं काम होतं.

पुढची अडचण जागेची. दोन खोल्या, त्यात सासू. मत्तयच्या शुभवर्तमानात (६:६) खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द कोठारालाही वापरतात. ताईंकडे दर वाढायची वाट पाहत ठेवलेल्या कापसाची खोली होती, यंदा अर्धीच भरलेली. सासूला ऐकू जाईल ही भीती होतीच. बायबलमधल्या हन्नाचेही प्रार्थना करताना फक्त ओठ हलत होते (एली याजकानं तिला दारू प्यालेली समजलं, ते वेगळं), तेव्हा पुटपुटणं चालेल असं ठरलं.

रोज दहा मिनिटं, दिवेलागणीनंतर, स्वयंपाकाच्या आधी. झोपताना नको, झोप येते आणि पाठ शब्द आपोआप सुटतात. हाक एकच, “बापा”. मग आज घडलेली एक गोष्ट आकड्यासकट. ‘आर्थिक अडचण’ असं म्हणायचं नाही, ‘गटाचे ३ हप्ते’ म्हणायचं. त्यावर आपल्याला काय वाटलं ते घरच्या बोलीत, आणि शेवटी एकच मागणं. बायबलमधलं स्तोत्र १३ नमुन्याला घ्यावं. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनच वचनांत ‘किती वेळ’ चारदा येतं.

पहिला आठवडा फसला. तक्रार सुरू केली की दुसऱ्याच वाक्याला “तरी तुझे आभार” निघे. घाबरून घातलेलं ते झाकण होतं. म्हणून स्तोत्र ८८ वाचायला दिलं. त्याची १८ वचनं अंधारावरच संपतात, आभाराची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आभार आले तर यावेत, ओढून आणू नयेत.

दुसऱ्या आठवड्यात प्रार्थना नवऱ्याची चुगली झाली: “याले समजव.” इथे बरेच जण घसरतात. दुसऱ्याबद्दलचं वाक्य आलं की ते ‘मले’वर वळवायचं. “याले समजव”चं झालं, “हा बोलत नाही, मले एकटं वाटते.” त्या दिवशी त्या रडल्या, आणि वर म्हणाल्या, “कापूस गेला तं गेला, पण तू होता कुठी?” लगेच शांती वाटली नाही. वाटेलच असं सांगितलंही नव्हतं. तसं सांगणारे माणसाला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावतात.

तिसऱ्या आठवड्यात मागणं बदललं. भाव वाढू दे, हे मागे पडून “कोणाले सांगू ते दाखव” आलं. मोशेच्या ७० वडिलांसारखंच हे, त्यांना दोघं पुरली असती. त्यांनी आधी नवऱ्याला वही दाखवली, मग पाळकबाईंना. गटाशी बोलून हप्ते लांबवून घेतले.

त्या बुधवारी घरसभेत त्यांची प्रार्थना दीड मिनिटात संपली. थकलेल्या हप्त्यांचा आकडा त्यांनी सगळ्यांसमोर देवाला सांगितला. कोणी रडलं नाही. चहा झाल्यावर एक बाई मागे थांबली आणि हळूच म्हणाली, “माहे पाच आहेत.”