खोक्यावरचं नाव पुरत नाही, चिपचा क्रमांक हवा

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षातल्या जुन्या मशीनवर आम्ही लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकली. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) एकाच नावाचे दोन वायफाय डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची वायफायची उपकरणं, आणले. एक लावताबरोबर चालला, दुसऱ्यावर नेटवर्कच दिसत नाही. दुकानदार म्हणतो, माल एकच आहे. कोणता डोंगल कसा चालतो याची मराठी नोंदवही करून आसपासच्या शाळांना द्यायची आहे. त्यात काय लिहावं?
– एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, दुकानदार खोटं बोलत नसेलही. नाव तेच ठेवून आतली चिप बदलली जाते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण चालवायला लावणारा प्रोग्रॅम, असतो तो चिपचा. खोक्यावर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून नोंदीची पहिली ओळ चिपच्या ओळखक्रमांकाची. डोंगल लावून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसयूएसबी' (lsusb) ही आज्ञा द्या. प्रत्येक उपकरणासमोर चार अक्षरं, कोलन, पुन्हा चार अक्षरं दिसतील. '०सीएफ३:९२७१' (0cf3:9271) असेल तर अथेरॉस, '०बीडीए:८१७९' (0bda:8179) असेल तर रिअलटेक. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा, नंतरचा उपकरणाचा. डोंगलच्या स्टिकरवरची आवृत्तीही सोबत लिहा. दुकानात उभं राहून तेवढंच तपासता येतं.

त्याखाली 'यूनेम -आर' (uname -r) देऊन मिळणारी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती. ही ओळ लोक हमखास गाळतात आणि नोंद वर्षभरात निकामी होते. याच रिअलटेक चिपचा 'आर८१८८ईयू' (r8188eu) हा ड्रायव्हर २०२३ मध्ये आलेल्या ६.३ कर्नलमधून काढून टाकला आणि तिचं काम 'आरटीएल८एक्सएक्सएक्सयू' (rtl8xxxu) या ड्रायव्हरकडे गेलं. नुसतं 'चालतो' लिहिलं, तर कोणत्या ड्रायव्हरवर चालतो हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

तुमच्या दुसऱ्या डोंगलबद्दल मला संशय फर्मवेअरचा येतो. ड्रायव्हर असूनही चिपच्या आत चढवायची छोटी फाइल नसेल, तर नेटवर्क दिसत नाही. डोंगल काढून परत लावा आणि लगेच 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) ही आज्ञा देऊन कर्नलचे संदेश पाहा. फर्मवेअर लोड झालं नाही आणि पुढे 'एरर -२' (error -2) असं आलं, तर त्याचा अर्थ फाइल सापडली नाही. फाइलचं नाव त्याच ओळीत असतं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइली इन्स्टॉलरमध्येच दिल्या. त्याआधीच्या डेबियनवर त्या वेगळ्या टाकाव्या लागतात. तुमच्या मशीनवर काय आहे ते कळवलं नाहीत, म्हणून हे आधी बघा.

नोंदवहीच्या मांडणीसाठी ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीच्या मॅन्युअलचा चौथा विभाग जरूर वाचा. तिथे प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र पान आहे: कोणत्या चिप, कोणते मोड, फर्मवेअर लागतं का, आणि तळाशी उणिवा. मला त्या उणिवांचं फार मोल वाटतं. डोंगल नेटला जोडतो पण हॉटस्पॉट देत नाही, किंवा मशीन झोपून उठल्यावर गप्प होतो, हे स्पष्ट लिहा. शाळेचे पैसे त्या ओळीमुळे वाचतील. हॉटस्पॉटसाठी लागणारा 'एपी' (AP) मोड आहे का, ते 'आयडब्ल्यू लिस्ट' (iw list) या आज्ञेने दिसतं.

मजकूर मराठीत लिहा, पण आज्ञा आणि एररची ओळ पडद्यावर आहे तशीच, रोमन अक्षरांत उतरवा. दुसऱ्या शाळेतले सर अडले की शोधायला तीच ओळ टाकतील.