‘द एक्सपान्स’ ही अवकाशातली विज्ञानकथा मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी लोक तिच्याबद्दल का बोलत असतात? तिच्यात असं आहे तरी काय?

तुम्ही लिहिलंय की दोन भाग पाहिले, कोण कोणाच्या बाजूने आहे तेच कळेना, म्हणून सोडून दिली. तक्रार रास्त आहे. सुरुवातीचे तीन भाग ही मालिका काहीही समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. मी तिची पारायणं केलेली बाई आहे, त्यामुळे उत्तर थोडं पक्षपाती होणार, आणि पुढची काही गुपितंही फुटणार.

पहिल्याच भागातला एक प्रसंग तुम्ही पाहिला असेल. ख्रिसजेन अवसराला या संयुक्त राष्ट्रांच्या बड्या अधिकारी. भारतीय वंशाच्या, अंगावर भारी साड्या, ठसठशीत दागिने. आधी त्या गच्चीवर नातवाशी खेळताना दिसतात आणि थोड्या वेळाने एका कैद्यासमोर उभ्या असतात. त्या कैद्याला कोणी मारत नाही, शॉक देत नाही. नुसतं आकड्यांना लटकवून ठेवलंय. तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, अगदी कमी वजनात वाढलेला. हाडं लांब आणि ठिसूळ, फुप्फुसांना स्वतःच्याच छातीचा भार पेलत नाही. तुम्ही-आम्ही ज्या गुरुत्वाकर्षणात निवांत चहा पितो, तेच त्याच्या छळाचं हत्यार.

माझ्या मते अख्खी मालिका या एका प्रसंगात आहे. भौतिकशास्त्राचा नियम सगळ्यांना सारखाच, पण तो कोणाला सोयीचा आणि कोणाच्या जिवावर उठणारा, हे तुम्ही कुठे जन्मलात त्यावर ठरतं. बाकीच्या विज्ञानकथांत विज्ञान नेपथ्याला असतं, इथे राजकारणच त्यातून उगवतं.

मांडणी साधी आहे. काही शतकांनंतरचा काळ. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य, गर्दी आणि बेकारी. मंगळ स्वतंत्र, लष्करी शिस्तीचा. आणि पट्ट्यातले ‘बेल्टर’, म्हणजे या दोघांसाठी बर्फ आणि खनिजं उपसणारे मजूर. सेरेस हा पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोल. तिथला बर्फ पृथ्वी-मंगळाने कधीच उपसून नेला, आणि आता तिथल्याच लोकांना पाणी मोजून मिळतं. (खऱ्या सेरेसभोवती नासाचं डॉन यान 2015 मध्ये फिरू लागलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ही मालिका सुरू झाली.) पाण्याचं एक वेळ सोडा, हवाही फुकट नाही. मिलर नावाचा सेरेसवरचा पोलीस आधी हवेचे फिल्टर न बदलणाऱ्या माणसाकडून पैसे खातो. मग त्याच खराब हवेने बेजार झालेलं पोर पाहतो, आणि त्या माणसाला हवाबंद कोठडीत कोंडून हवा काढायला लागतो. मिलर काही संत नाही, कोणीच नाही.

तपशिलाचं म्हणाल तर मी एकच सांगते. सेरेसला गरागरा फिरवून तिथे वजन निर्माण केलंय. त्यामुळे मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार सरळ पडत नाही, बाजूला वळते. त्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं! यानंही अशीच: मजले इमारतीसारखे एकावर एक, कारण वजन इंजिनाच्या रेट्यातून येतं. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून उरलेला अर्धा तो कमी करायचा.

मला सगळ्यात जास्त चटका लावतो तो मंगळ. तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पोटाला चिमटा काढला, कशासाठी, तर पणतवंडांना उघड्या आकाशाखाली श्वास घेता यावा म्हणून. बॉबी ड्रेपर ही मंगळाची सैनिक पहिल्यांदा पृथ्वीवर येते तेव्हा पहाऱ्यातून निसटते आणि चालत चालत समुद्र बघायला जाते. जे आपण शंभर वर्षांनी घडवणार, ते या लोकांकडे आयतं आहे आणि त्यांना त्याची किंमत नाही, हा तिचा राग. पण वाटेत तिला भेटणारा माणूस रस्त्यावर राहतो. शिक्षणासाठी त्याने तरुणपणी नाव नोंदवलं, केस पांढरे झाले तरी नंबर लागलेला नाही. तिच्या रागाला जागाच उरत नाही. पुढे तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हजाराहून जास्त ताऱ्यांकडे जाणारी दारं उघडतात, आणि त्यापलीकडे तयार हवा असलेली जगं असतात. मग मंगळाला माणसाजोगा करत कोण बसणार? कोणी हल्ला न करता एक देश ओस पडायला लागतो. चौथ्या पर्वात हीच बॉबी लढाऊ जहाजं मोडीत काढायच्या कामावर दिसते. इतक्या थंडपणे राष्ट्राचं स्वप्न मेलेलं मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

त्या नव्या जगांपैकी पहिल्यावर काय होतं? निर्वासित बेल्टर आधी पोचून खाण सुरू करतात, मागून एक कंपनी सरकारी सनद घेऊन येते, आणि जमीन कोणाची यावरून मुडदे पडतात. हजाराहून जास्त ताऱ्यांची जगं मोकळी पडली असताना! ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे माणूस सूर्यमालेबाहेरही सोबत घेऊन जातो.

परग्रहावरचा तो निळा पदार्थ, प्रोटोमॉलेक्यूल, लोकांना भारी वाटतो. मला तो निमित्तमात्र वाटतो. तो काय आहे यापेक्षा तो हाती लागल्यावर कोण काय करतं, यात खरी गोष्ट आहे. मार्को इनारोस या बेल्टरांच्या बंडखोर म्होरक्याचंही तसंच. तो पृथ्वीवर लघुग्रहांचे दगड फेकतो, लाखो माणसं मरतात, आणि तरी त्याची मूळ तक्रार खोटी नसते. ही अडचण लेखक सोडवत नाहीत, तुमच्या गळ्यात टाकून मोकळे होतात.

दोषही आहेत. चौथं पर्व रेंगाळतं. सहावं सहाच भागांत उरकलंय, आणि त्यात लॅकोनिया ग्रहावरच्या मुलीचं जे कथानक सुरू होतं ते तसंच लोंबकळत राहिलं. कारण मालिका ज्यांवर बेतली आहे त्या कादंबऱ्या नऊ आहेत आणि शेवटच्या तीन, ज्या सुमारे तीस वर्षांनंतर घडतात, त्या पडद्यावर आल्याच नाहीत.

तरीही लोकांचा जीव किती जडला होता बघा. 2018 मध्ये तीन पर्वांनंतर सायफाय वाहिनीने मालिका बंद केली, तेव्हा चाहत्यांनी पैसे गोळा करून अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान उडवलं. काही आठवड्यांत अ‍ॅमेझॉनने मालिका घेतली आणि ती 2022 च्या जानेवारीपर्यंत चालली.

तुम्ही नेमक्या चुकीच्या ठिकाणी थांबलात. तिसरा भाग हाताला काम असताना बघा, चाललं तर चाललं. चौथा मात्र मोबाइल बाजूला ठेवून बघा. मंगळाच्या युद्धनौकेवरची लढाई आहे त्यात. एवढं करूनही नाही रुचली तर खुशाल सोडा, मी पुन्हा आग्रह करणार नाही.